शाळेतला उन्हाळी संगीत महोत्सव, माईकशिवाय: एका तालुक्याच्या गावातलं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव दक्षिण महाराष्ट्रातलं, तालुक्याचं. गावाचं, शाळेचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. महोत्सव भरवणाऱ्या मंडळाच्या त्या वर्षीच्या बहुतेक बैठकांना मी बाहेरची मदतनीस म्हणून हजर होते.

शाळा जुनी आणि अनुदानित. मूळ इमारत दगडी, वर लाकडी तक्तपोशी आणि मंगलोरी कौलं. शेजारी नंतर बांधलेली स्लॅबची दुमजली इमारत, मागे पत्र्याचं सभागृह, मधे पटांगण आणि त्याच्या कडेला कडुनिंबाची रांग. महोत्सव भरवायचं ते माजी विद्यार्थ्यांचं आणि गावातल्या दोन गायन-वादन क्लासच्या शिक्षकांचं मिळून बनलेलं मंडळ. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तीन संध्याकाळी, प्रवेश मोफत.

आठवडा ठरवण्यामागे दोन कारणं होती. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, आणि पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे, शिकले मिरजेला, म्हणजे या भागाला ते आपलेच वाटतात. दुसरं कारण व्यवहाराचं. तोवर मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली घरं सुट्टीला आलेली असतात आणि शाळा रिकामी असते.

कार्यक्रमाची घडी ठरलेली. आधी क्लासची मुलं, मग गावातले कलाकार, शेवटी बाहेरून बोलावलेला गायक किंवा वादक. पण महोत्सव गावाचा झाला होता तो पटांगणामुळे. जेवणं उरकून लोक घरची सतरंजी घेऊन येत. शाळेमागच्या वस्तीतल्या बायका मुलांना मांडीवर निजवून बसत. फाटकाशी भेळेच्या आणि बर्फगोळ्याच्या गाड्या लागत. यातल्या बऱ्याच लोकांनी तिकीट काढून शास्त्रीय गाणं कधीच ऐकलं नसतं, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत हीच गोष्ट तोलायची होती असं मला वाटतं.

समस्या

दरवर्षी आवाज थोडा थोडा वाढत गेला. सुरुवातीला दोन साधे बॉक्स होते. मग मांडव मोठा झाला, मग साउंडवाल्याने रचून लावायचे स्पीकर आणले, मग देणगीदाराच्या आग्रहाने शेवटची रात्र सिनेसंगीताच्या ऑर्केस्ट्राला दिली गेली. दहाची वेळ पाळायची असं ठरायचं आणि साडेदहा व्हायचे.

शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडे एक प्रसूतिगृह आहे. त्याच्या शेजारी अभ्यासिका, जिथे स्पर्धा परीक्षांची आणि ‘नीट’ची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात. नीट बहुतेक वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. म्हणजे महोत्सव भरायचा तो नेमका त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीच्या शेवटच्या आठवड्यात. दोन्हीकडून आधी तोंडी कुरबुरी आल्या, मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज गेला. पुढच्या वर्षी मंडळ ध्वनिक्षेपकाच्या परवान्यासाठी गेलं तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, “शाळेपासून शंभर मीटरच्या आत भोंगा लावू देत नाही आम्ही. तुम्हाला तर शाळेच्या आतच लावायचाय. कसं करायचं सांगा.”

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. निवासी भागात ५५ आणि ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. शांतता क्षेत्रात संगीत वाजवणं आणि ध्वनिवर्धक वापरणं, दोन्ही दंडनीय कृत्यांच्या यादीत आहेत. काही सणांना रात्री बारापर्यंत सवलत मिळते, पण ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं.

उन्हाचा प्रश्न वेगळाच होता. पारा चाळिशीला टेकला की संध्याकाळी सहालाही पटांगणातली फरशी आणि माती तापलेली असते. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, तेव्हापासून मुख्याध्यापिका लहान मुलांना उन्हात ताटकळत ठेवायला अजिबात तयार नव्हत्या. मेकअप करून चारपासून रांगेत बसलेली मुलं त्यांनी मागच्या वर्षी पाहिली होती.

पहिला वळणाचा मुद्दा: भांडायचं की नाही

मंडळातल्या वकील सदस्यांनी एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने स्पष्टपणे जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. आपली शाळा जाहीर झाली आहे का ते लेखी विचारू. नसेल तर परवाना नाकारता येणार नाही. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांचा सोपा उपाय होता: वरून एक फोन.

या बैठकीत अध्यक्षांनी जे केलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला आणि दोघांना प्रसूतिगृहात आणि अभ्यासिकेत पाठवलं. परवानगी मागायला नाही, ऐकून घ्यायला. परत आलेल्या दोघांनी सांगितलं की डॉक्टरांना गाण्याचा त्रास नव्हता. त्रास होता खालच्या पट्टीच्या धडधडीचा, जी खिडक्या लावूनही आत येते, आणि कार्यक्रम कधी संपणार हे न कळण्याचा. अभ्यासिकेतली मुलं म्हणाली, “पहिल्या दोन रात्री आम्ही सहन करतो, ऑर्केस्ट्राच्या रात्री घरी जातो.”

वकिलांचं पत्र तरीही गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. जागेचा दर्जा काय हे मंडळाला माहीत असणं गरजेचं आहे. पण महोत्सवाआधी उत्तर आलं नाही.

तोललेले पर्याय

मंगल कार्यालयाचा पर्याय लवकर निकालात निघाला. मे म्हणजे लग्नाचे मुहूर्त. रिकाम्या तारखा नव्हत्या, होत्या त्यांचं भाडं परवडणारं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत ढकलण्याची सूचना आली, पण तेव्हा बाहेरगावची घरं मोजके दिवस येतात आणि फराळ-पाहुण्यांतच अडकतात.

तिसरा पर्याय होता कमी आवाजाचा, आणि त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. गावातल्या एका भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी फळ्यावर हिशेब मांडला. नियमाप्रमाणे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. निवासी भाग धरला तर दिवसा ६५. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मंच ते रस्त्याकडची भिंत ४० मीटर. म्हणजे स्पीकरपासून एक मीटरवर ९७ पर्यंत चालेल, आणि २० मीटरवरच्या शेवटच्या रांगेत सुमारे ७१ मिळतील. गाणं स्वच्छ ऐकू यायला एवढं भरपूर आहे. प्राध्यापकांनी पुढे सुचवलं की मंचाशेजारी दोन मोठे स्पीकर ठेवण्याऐवजी चार लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, भिंतीकडे पाठ करून लावले तर हद्दीवरचा आवाज आणखी उतरेल.

हिशेब योग्य होता. अडचण एवढीच की जागा शांतता क्षेत्र ठरली तर आकडा कितीही असो, ध्वनिवर्धकच चालत नाही. आणि साउंडवाला म्हणाला, “एवढ्या आवाजाला माझी गाडी कशाला आणू?”

चौथा पर्याय क्लासच्या बाईंनी मांडला. माईक नकोच. वर्गांत बैठका करू. किर्लोस्कर नाटक मंडळींपासून पुढे कित्येक दशकं नाट्यगीतं भरल्या थिएटरात माईकशिवायच पोचत होती. आपल्याला तर साठ माणसांच्या खोलीत पोचवायचं आहे. मुलांना ‘आवाज लावणं’ म्हणजे काय ते कळेल. आज ती पहिल्या इयत्तेपासून माईक धरून गातात.

निर्णय

मतदान झालं नाही. मुख्याध्यापिकांनी सांगितलं की पटांगणावर स्पीकर लावण्यासाठी संस्थेची परवानगी त्या मागणार नाहीत, वर्गांसाठी मागतील. त्यामुळे चौथा पर्याय ठरला. त्यातही वेळा बदलल्या: सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ. मधल्या वेळात शाळा बंद. ऑर्केस्ट्रा रद्द झाला. त्याबरोबर देणगीदारही गेला, कारण बॅनर लावायला मांडवच उरला नव्हता. ऑर्केस्ट्राबाबत आणखी एक गोष्ट तोवर कुणी पाहिली नव्हती. हौशी मंडळाने मोफत श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण मानधन घेणारा ऑर्केस्ट्रा ‘हौशी’ ठरत नाही. म्हणजे आधीची काही वर्षं गाण्यांच्या परवान्याचं काम न करताच गेली होती.

पोलिसांकडे या वेळी अर्जाऐवजी माहितीचं पत्र गेलं: बंद खोल्या, ध्वनिवर्धक नाही, वेळ अमुक ते अमुक. सोबत डॉक्टरांची आणि अभ्यासिकेच्या चालकांची सही. नियमाचे शब्द अगदी ताणले तर वर्गातलं गाणंही आक्षेपार्ह ठरवता येईल, म्हणून ही सही मला अत्यावश्यक वाटली.

तयारी

खोल्या निवडायला दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक वर्गात जाऊन टाळी वाजवायची आणि एकाने सा लावायचा. नव्या इमारतीत गुळगुळीत फरशी आणि रिकाम्या भिंतींमुळे सूर घुमत होता, तानेचे स्वर एकमेकांवर चढत होते. जुन्या इमारतीत लाकडी तक्तपोशीखाली तोच आवाज गोल आणि स्वच्छ. तीन वर्ग ठरले, दोन जुन्या इमारतीतले, एक नव्या. नव्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर घरोघरच्या गोधड्या टांगल्या आणि घुमणं बरंच आटोक्यात आलं. सर्वांना मिळून बसायचं तेव्हा पत्र्याचं सभागृह.

पंखे ही मोठी डोकेदुखी निघाली. माईक असताना कुणाच्या लक्षात येत नाही, पण आलाप चालू असताना खडखडणारा पंखा असह्य होतो, आणि बंद केला तर खोली भट्टी होते. शिपाईमामांनी सगळ्या पंख्यांना तेलपाणी केलं, दोन बदलले. शेवटी पंखे एक-दोनवर ठेवायचे, दर अर्ध्या तासाला थांबून दारं-खिडक्या उघडायच्या आणि पाणी फिरवायचं असं ठरलं.

कलाकारांचं गणितही बदललं. आमंत्रित गायकांनी नम्रपणे नकार दिला. त्यांचं म्हणणं रास्त होतं: त्यांची गायकी मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, कुजबुजत्या स्वरांची, ती माईकनेच पोचते. त्यांच्याऐवजी मिरजेकडच्या एका ज्येष्ठ गायकांना विचारलं. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत जी संगीत सभा होते तिथे हजेरी लावणाऱ्यांपैकी हे गायक. ते म्हणाले, “चाळीस माणसं द्या, पण जवळ बसवा.” सतारवादकांनी अट घातली की तबलजीने हात आवरायचा. विनामाईक खोलीत तबला सतारीला सहज गिळतो, आणि हे तालमीशिवाय जमत नाही. शिवाय कोरड्या उन्हात तबल्याची पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून वाद्यं आदल्या रात्रीच खोलीत आणून ठेवली.

तीन दिवसांत काय घडलं

सकाळच्या बैठका सर्वांत रंगल्या. गावातल्या मुलांनी भैरव, तोडी, जौनपुरी हे राग क्लासमध्ये संध्याकाळी सहाला शिकलेले. सकाळी सातला लोकांपुढे ते प्रथमच गायले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं रमणबागेच्या शाळेच्याच पटांगणावर व्हायचा आणि पूर्वी रात्र रात्र चालायचा. दहाच्या मर्यादेनंतर उत्तररात्रीच्या रागांना मंच मिळणं अवघड झालं, ही हळहळ संगीतप्रेमींना ठाऊक आहे. वेळेच्या बंधनाने एक दार बंद होतं तेव्हा पहाटेचं दार उघडं असतं, हे या गावाने करून दाखवलं. कुणीतरी सुचवलं की एक बैठक अकरा-बाराला ठेवू, म्हणजे दुपारचा सारंगही होईल. मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या. रागाच्या वेळेपेक्षा मुलांच्या डोक्यावरचं ऊन मोठं, आणि मला ते पटलं.

दुसऱ्या संध्याकाळी वळीव आला. लोक खूश झाले, पण सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस एवढा कोसळला की तिसऱ्या रांगेलाही गाणं ऐकू येईना. गायिका दोन ओळी गाऊन थांबल्या आणि सगळे पाऊण तास नुसते बसून राहिले. वीजही गेली. तयारीत सगळं होतं, पावसाचा विचार मात्र कुणी केला नव्हता, जरी या भागात मे महिन्यात वळवाचा पाऊस दरवर्षी येतो.

तिसऱ्या संध्याकाळी वस्तीतल्या भजनी मंडळाला कडुनिंबाखाली, पटांगणात बसवलं. टाळ-पखवाज, माईक नाही, साडेआठला समाप्ती, डॉक्टरांना आधी विचारून. मागच्या वर्षीचे श्रोते खऱ्या अर्थाने परतले ते त्या तासापुरते.

परिणाम

एकही तक्रार आली नाही. डॉक्टर एका सकाळी स्वतः येऊन बसले. खर्च निम्म्याहून खाली आला, कारण मांडव, साउंड आणि ऑर्केस्ट्रा हेच मोठे आकडे होते. देणगीदार जाऊनही वर्गणीत भागलं. मुलांच्या गाण्यात फरक पडला हे दोन्ही क्लासच्या शिक्षकांनी सांगितलं आणि मलाही ऐकू आलं: श्वास पुरवून, शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवून मुलं गात होती.

दुसरी बाजू तेवढीच ठळक आहे. पटांगण भरायचं, तिथे आता तीन खोल्या भरल्या. वस्तीतल्या बायका पहिल्या दिवशी फाटकापर्यंत आल्या, वर्गाच्या दारात चपलांची रांग आणि आतली शांतता पाहून परत गेल्या. रडणारं मूल घेऊन अशा खोलीत बसता येत नाही. भेळवाल्यांचा धंदा बुडाला. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांना पुढे बसवलं तरी सतार पोचली नाही. आवाज वाढवण्याची सोय काढली की सर्वांत आधी हे लोक बाहेर पडतात. महोत्सव शांत झाला, नियमात बसला, संगीताच्या दृष्टीने कसदार झाला, आणि ज्यांच्यामुळे तो गावाचा होता त्यातले निम्मे लोक त्याने गमावले. मंडळाच्या अहवालात फक्त पहिला भाग होता. मी बैठकीत दुसरा भाग लिहून घ्यायला लावला.

वेगळं काय करता आलं असतं

शेजाऱ्यांशी बोलणं परवाना नाकारल्यावर सुरू झालं. ते आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, तक्रार ताजी असताना व्हायला हवं होतं. डॉक्टरांची खरी अडचण खालच्या पट्टीची धडधड आणि अनिश्चित वेळ ही होती. तेवढं कळलं असतं तर कमी आवाजाच्या पर्यायावर त्यांच्या संमतीने एखादी संध्याकाळ आखून, जागेच्या दर्जाबाबतचं पत्र वेळेत पाठवून, उत्तर हातात ठेवून पोलिसांकडे जाता आलं असतं. ते पत्र मार्चअखेरीस गेलं. डिसेंबरमध्ये जायला हवं होतं.

वस्तीतल्या लोकांना कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांकडे दोघं गेले, अभ्यासिकेत गेले, वस्तीत कुणी गेलं नाही, कारण त्यांनी अर्ज केलेला नव्हता. भजनाचा तास शेवटच्या आठवड्यात सुचला आणि तोच सर्वांत भरला. तो रोज ठेवता आला असता. पावसासाठी जुन्या इमारतीतला एक वर्ग रिकामा राखला असता तर पाऊण तास वाया गेला नसता. वृद्धांसाठी चौथ्या रांगेत एकच छोटा स्पीकर, खोलीच्या आत, ही प्राध्यापकांची सूचना कलाकारांच्या नाराजीपोटी मागे पडली; ती करून पाहायला हवी होती.

पुढच्या वर्षासाठी मंडळापुढे दोन प्रस्ताव आहेत. सकाळच्या बैठका तशाच ठेवण्यावर सर्वांचं एकमत आहे. संध्याकाळी रोज एक तास पटांगणात, चार लहान स्पीकर लावून, हद्दीवर आवाज मोजत कार्यक्रम करायचा की विनामाईकच ठेवायचा, यावर मतं विभागलेली आहेत. वकील सदस्यांनी स्मरणपत्र पाठवलं आहे; शाळा शांतता क्षेत्रात येते की नाही याचं उत्तर आल्यावर बैठक होईल, आणि या वेळी भजनी मंडळाच्या दोन बायकांना आणि अभ्यासिकेतल्या एका मुलाला बैठकीचं निमंत्रण गेलं आहे.